मधल्या गावाची सरळ रेघ

एक वृद्ध आचार्य दूरच्या सागरकिनारी राहून भूमीच्या कंपनांचा अभ्यास करीत असत. त्या किनाऱ्याखाली समुद्राचा तळ जमिनीच्या पोटात शिरत होता. नखे वाढतात तितक्याच सावकाश, पण अखंड. आचार्यांनी किनाऱ्यावरच्या तीन गावांत कंपनमापक यंत्रे ठेवली होती आणि त्यांवर उमटणाऱ्या रेघा वाचण्याचे काम शिष्याकडे होते. शिष्य हुशार होता, आणि हुशार माणसाला निष्कर्षाची जरा घाईच असते.

उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या गावांची रेघ सतत थरथरे. धक्के इतके बारीक की घरातल्या माणसांना त्यांचा पत्ताही नसे. मधल्या गावाची रेघ मात्र वर्षानुवर्षे सरळ होती. आचार्य प्रवासाला गेले असताना एका व्यापाऱ्याने घरे बांधायला सुरक्षित जागा विचारली, तेव्हा शिष्याने बेधडक मधले गाव सुचवले. घरे उभी राहिली. आपल्या थोरल्या बहिणीलाही त्याने आग्रह करकरून तिथेच आणले. तिची दोन मुले, म्हाताऱ्या सासूबाई, सगळा संसार पाण्यापासून हाकेच्या अंतरावर आला.

आचार्य परतले. ते जेवायला बसले असताना शिष्याने मोठ्या अभिमानाने हे सांगितले, आणि त्यांचा घास हातातच राहिला. ते ताटावरून उठले, होडी मागवली आणि मधले गाव गाठले. भर दुपारी, समुद्र अगदी शांत असताना, त्यांनी साऱ्या गावाला टेकडीवर पळायला लावले. स्वतःही धापा टाकीत चढले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. लोक हसले. असल्या खुळापायी घरे कोण घेणार, असे व्यापारी चारचौघांत बोलला. शिष्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

शेवटी न राहवून तो म्हणाला, "आचार्य, धोका तर थरथरणाऱ्या गावांना आहे. आपण इथे का धावपळ करता?"

"त्यांनाही अभय नाहीच," आचार्य म्हणाले. "पण पावसाळ्यात फुगलेले दार तू ढकलले आहेस ना? ते कुरकुरत थोडेथोडे सरकते तोवर काळजी नसते. अडकून बसले की आपण खांदा लावून रेटत राहतो. आवाज नाही, हालचाल नाही. मग ते एकदम उघडते आणि आपण आत कोसळतो. समुद्राचा तळ तिन्ही गावांखाली सारखाच रेटतो आहे. दोन ठिकाणी तो कुरकुरत सरकतो. मधे तो कुठून कुठवर अडकला आहे, हे त्या बारीक धक्क्यांवरून कळते."

"मधेही तो गुपचूप सरकत असेल तर?" शिष्याने आशेने विचारले.

"मलाही तसेच वाटावेसे वाटले होते. म्हणून मी किनाऱ्यावर रोवलेल्या खुणेच्या दगडांची मोजणी केली. इथले दगड दरवर्षी आत ढकलले जात आहेत. तळ सुटा असता तर ते जागच्या जागी राहिले असते. रेटा साठतो आहे. तो एकदम सुटला की जमीन हादरेल आणि मागोमाग समुद्र गावावर चढून येईल."

"सुटेल कधी?"

"ते मला कळत नाही. आज, किंवा तुझ्या नातवंडांच्या काळात. मला भीती वाटते, बाळ."

शिष्य तडक बहिणीकडे गेला. आपले चुकले, हे त्याने उंबऱ्यातच सांगून टाकले. जमीन जोरात हलली की समुद्राकडे पाहत थांबू नको, पोरांना घेऊन टेकडी गाठ, असे त्याने तिला बजावले. बहीण रागावली नाही. तिने आतल्या खोलीकडे पाहिले आणि हळूच विचारले, "आणि सासूबाईंना कोण चढवणार रे?"

दुसऱ्या दिवशी साऱ्या गावादेखत शिष्य त्या म्हातारीला पाठुंगळी घेऊन टेकडी चढू लागला. अर्ध्या वाटेत त्याने गुडघे टेकले, श्वास घेतला आणि पुन्हा उठला. त्या दिवशी कोणी हसले नाही. व्यापारी घरी गेला आणि आपल्या आंधळ्या वडिलांजवळ बराच वेळ बसून राहिला.

ज्याला चालवत नाही त्याला कोण उचलणार, हे घरोघरी समुद्र शांत असतानाच ठरलेले बरे.