जरीकाठाचं ठिगळ

शिवणाच्या डब्यातली अवजारं गोधड्या शिवायची आणि माणसं नुसती पांघरायची, तेव्हाची ही गोष्ट.

बारशाच्या सकाळी धाकट्या सुईला आपली चूक दिसली. बाळाच्या गोधडीत मधोमध तिने जरीकाठाचं ठिगळ लावलं होतं. ते तान्ह्याच्या गालाला खरवडणार होतं, आणि त्यावरून चार सुयांनी आपापले टाके नेलेही होते.

"तिथपर्यंत सगळं कापून काढू," कात्रीकाकू म्हणाल्या. "चूक झाली होती हे कुणाला कळणारसुद्धा नाही. मी कायम असंच करते."

"म्हणूनच मागची गोधडी पायपुसणं झाली ना, काकू? तुम्ही एक ठिगळ कापलंत आणि सगळ्यांचे टाके उसवले. चूक माझी आहे, तर ह्यांची मेहनत का वाया घालवायची?"

"तोंड बघा हिचं. कालची पोर तू."

वय सांगितलं की अक्कल दाखवावी लागत नाही, असा डब्यातल्या मोठ्यांचा समज होता.

धाकटीने जुन्या धोतराचा मऊ तुकडा घेतला आणि त्या ठिगळावर चारी बाजूंनी शिवून टाकला. आधीचा एकही टाका तुटला नाही. "खाली माझी चूक, वर तिची दुरुस्ती," तिने सगळ्यांना सांगितलं. "काकू, आता एवढा लोंबता दोरा कापा."

काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा आधी नीट बघितलं, मग कापलं.

पाळण्यात बाळाचा गाल नेमका त्या दुपदरी तुकड्यावर टेकला. गाणी, घुगऱ्या, गोंगाट सोडून ते गाढ झोपलं. चारही सुया आनंदाने नाचल्या, आणि काकू दिवसभर सांगत फिरल्या, "दोरा मी कापलाय हो."