हवाबीची बाजू

फार फार वर्षांमागची गोष्ट. वेळदांड्याच्या किनाऱ्यावर तेव्हा कोळ्यांची वस्ती होती, आणि वस्तीच्या टोकाला एकटी झोपडी हवाबीची. ती सिद्दी. तिचे वाडवडील कधीकाळी आफ्रिकेतून गलबतातून आलेले. रंग काळाभोर, केस कुरळे, आणि आवाज असा की हाक मारली तर खाडीपलीकडची होडी वळावी.

तेव्हा न्याय पुरुषांनी करायचा आणि बायकांनी मासळी सुकवायची. एकदा पोशा आणि धर्मा हे सख्खे भाऊ एका होडीपायी कोयते घेऊन उठले. पंचांची डोकी चालेनात. पलीकडे बोंबील वाळत घालणारी हवाबी तिथूनच ओरडली, "पोशा, पयले धर्माची बाजू सांग. त्याला पटंल अशी सांग. मंग तुजी."

"आता बायमानसानं न्याव कराचा?" पाटील हसला.

पण पोशा सांगू लागला, आणि भावाचं दुःख सांगता सांगता त्याच्याच डोळ्यांना धार लागली. कोयते वाळूत पडले. त्या दिवसापासून न्यायाला हवाबीच. असं म्हणतात, तिच्यापुढे खोटं बोलणाऱ्याची जीभ टाळूला चिकटायची, आणि निवाडा होईपर्यंत भरतीसुद्धा दम धरायची. भरतीचं खरंखोटं समुद्राला विचारा. पंच मात्र तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचे.

मग पाटलाच्याच लेकाने एका विधवेचं जाळं चोरलं. हवाबीने ते त्याच्या डोक्यावर दिलं आणि साऱ्या वस्तीतून त्या बाईच्या दारी नेऊन ठेवायला लावलं. पाटलाच्या ते जिव्हारी लागलं. त्याने सभा भरवली. "ही आपल्यातली नाय. हिची झोपडी उठवाची."

जिने घराघरांतली भांडणं मिटवली, तिच्यासाठी एक तोंड उघडलं नाही. गरज सरो, वैद्य मरो.

हवाबीला झोपडी सोडायची नव्हती. तिची आई त्याच झोपडीत वारली होती. ती म्हणाली, "जाईन. पन रीत तीच. पयले कुनीतरी माजी बाजू सांगा."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. हिची आई कुठली? ही एकटी का राहिली? सणाला हिच्या दारी कधी कोण गेलं होतं? साऱ्यांची गाऱ्हाणी तिने ऐकली, पण तिला कधी कुणी काही विचारलंच नव्हतं. पोशा दोन पावलं पुढे आला आणि परत मागे सरला.

हवाबी वाट बघत उभी राहिली. राग नाही आला तिला, फार वाईट वाटलं. असं म्हणतात, त्या दिवशी भरती थांबली नाही. पाणी झोपडीत शिरलं, आणि हवाबी त्या पाण्यातून चालत गेली ती परत आली नाही.

आजही वेळदांड्यात तंटा झाला की आधी समोरच्याची बाजू सांगावी लागते. आणि नारळी पौर्णिमेला, नारळ सोडण्याआधी, पाटलाच्या घरातला म्हातारा गुडघाभर पाण्यात उभा राहतो, हात जोडतो आणि मोठ्याने म्हणतो, "हवाबीची बाजू अशी..."

पुढचं अजून कुणाला सांगता आलेलं नाही.