शीळ घालणाऱ्या पोपटाचे वजन

एकदा एका वृद्ध तांबटिणीच्या हाताखाली शिकणाऱ्या तरुणीने एक अजब वस्तू घडवली. अंगठ्याएवढा पितळी पोपट. दुधाच्या पातेल्याच्या काठावर तो बसवायचा. दूध वर येऊ लागले की वाफ शेपटीतून शिरे आणि चोचीतून शीळ निघे. आळीतल्या बायका बघायला येत, खुदुखुदु हसत आणि जाताना म्हणत, "मला एक दे गं!"

ती शीळ एका व्यापाऱ्याच्याही कानी गेली. त्याने दिवाळीसाठी पोतेभर पोपट मागितले. "आळीच्या रिवाजाप्रमाणे वजनावर घेईन," तो म्हणाला. हंडे, घागरी, पराती, सारे वजनावरच जाई. शिष्या हरखून हो म्हणून बसली. मग ध्यानात आले. पोपट तर पिसासारखा हलका! या भावात दिवाळीपर्यंत राबून हाती राखच उरणार. पण दिलेला शब्द फिरवायचा कोणत्या तोंडाने? अन्न गोड लागेना, तेव्हा तिने गुरूपाशी सारे ओकून टाकले.

म्हातारी एवढेच म्हणाली, "येऊ दे त्याला. वजनावरच देऊ."

व्यापारी बोली पक्की करायला आला. म्हातारीने तराजू मांडला, पारड्यात पोपट ठेवला आणि कोपऱ्यातली टोपली उचलून त्याच पारड्यात खळ्ळकन ओतली. पारडे जमिनीला टेकले. शिष्या लाजेने लाल झाली. ते सगळे तिचे बिघडलेले पोपट होते.

"अहो काकू, ही मोड, हे भंगार माझ्या गळ्यात कशाला?"

"मोड? हा बघा, जन्माचा मुका. हा चूल पेटण्याआधीच बोंबलतो. आणि हा दूध सांडल्यावर जागा होतो, तुमच्या दुकानातल्या मुनीमासारखा!"

व्यापाऱ्यालाही हसू फुटले. म्हातारी मात्र हसली नाही.

"शेठ, हंडा कसा ठोकायचा हे आमच्या पणज्यांनाही ठाऊक होते, म्हणून तो वजनावर विकता येतो. ही वस्तू जगात नव्हतीच. ती सापडेपर्यंत जे जे वाया गेले, ते तिच्या पोटात आहे. तराजूला दिसत नाही इतकेच. वजनावर हवी तर या सगळ्यांसकट तोला. नाहीतर घडणावळ वेगळी मोजा."

"किती?"

"मला काय विचारता? जिने केला तिला तोंड आहे."

शिष्येने आकडा सांगितला. तो तिने खाली आणला नाही.

व्यापाऱ्याने पोपटात फुंकर मारली, पुन्हा मारली. "या भावात निम्मेच परवडतील बुवा."

"निम्मेच बरे!" ती इतक्या घाईने म्हणाली की आता म्हातारीला हसू आले.

तो गेल्यावर शिष्येने मोकळा श्वास घेतला. पारड्यातले मुके, बोंबलणारे पोपट तिने एकेक करून पदराने पुसले, आणि हलक्या हाताने उचलून ठेवले.

गमतीची वस्तू स्वस्तात हाती आली, तर बाईने आणि बाप्यानेही एवढे मनात आणावे : हिचे न मोजलेले वजन कोणी सोसले असेल?