झुंबरच्या फटफटीचा ब्रेक

वाघेरी गावात झुंबर नावाचा एक भोळा माणूस राहायचा. भोळा म्हणजे तरी किती? बायकोने, गुणाने, सांगितलं, "अहो, चुलीवर दूध ठेवलंय, उतू जातंय का तेवढं बघा," तर हा चुलीपुढे मांडी घालून बसायचा. दूध वर यायचं, कडेवरून सांडायचं, चूल विझायची. सगळं नीट बघून झालं की हा हाक मारायचा, "गुणा, गेलं गं!"

कामाला मात्र कधी नाही म्हणायचा नाही. सांगाल ते करायचा. सांगाल तेवढंच करायचा.

झुंबरच्या सासऱ्यांची, तात्यांची, एक जुनी फटफटी होती. तात्यांचे गुडघे धरले, तेव्हा त्यांनी ती झुंबरच्या अंगणात आणून लावली. म्हणाले, "जावईबापू, हिचा ब्रेक गेलाय. तेवढा करून घ्या. दसऱ्याला मी येतो. मला मागे बसवून टेकडीवरच्या देवीला नेलंत, तर गाडी तुमची. नाही जमलं तर धाकट्या जावयाला देऊन टाकीन."

झुंबरचा गाडीवर जीव जडला. गाडी धावायची झकास. थांबायची नाही, एवढंच. थांबवायची असली की झुंबर दोन्ही पाय जमिनीला घासत न्यायचा. गाडी थांबायची आणि चपला मागे रस्त्यात राहायच्या. गुणा मागून चपला गोळा करत यायची.

"आधी ब्रेक," गुणा म्हणाली. "मग देवी."

झुंबर गाडी ढकलत गावच्या मिस्त्रींकडे, दस्तगीरचाचांकडे गेला. चाचांनी मागचं चाक खोललं आणि हळहळले.

"शू गेलेत रे. पार टक्कल पडलंय त्यांना. पुढच्या चाकाचा ब्रेक तर कुणीतरी काढूनच टाकलाय. ही गाडी आता कुठं बनत नाही, पार्ट मिळायचे वांधे. असं कर, तालुक्याच्या बाजारात जा आणि शूची एक जोडी शोधून आण. जुनी असली तरी चालेल."

झुंबर गेला. संध्याकाळी परत आला. हातात चामड्याचे काळे बूट, नाड्यांसकट.

"जुनेच आणलेत, चाचा. पॉलिश करून घेतलं. पण एक विचारायचं राहिलं. आपलं चाक डाव्या पायाचं की उजव्या?"

चाचांनी कपाळाला हात लावला. मग खोललेल्या चाकातून अर्धचंद्रासारखे दोन लोखंडी तुकडे काढून त्याच्या हातावर ठेवले.

"हे बघ. ह्यांना म्हणतात शू. ह्यांच्यावर जाड पट्टी असते. ब्रेक दाबला की ती पट्टी चाकाला आतून घासते आणि गाडी थांबते. अरे, पार्ट आणायला जाताना नमुना बरोबर न्यायचा. दुकानदारापुढं ठेवायचा आणि म्हणायचं, अगदी असंच द्या."

"बरं चाचा. आता असंच करतो."

दुसऱ्या दिवशी झुंबर नमुना घेऊन भंगारवाल्याकडे गेला. भंगारवाल्याने ढीग उपसला आणि तळातून एक जोडी काढली. त्याच गाडीची. वरची पट्टी चांगली बोटभर जाड.

"नशीबवान आहात पाव्हणं," भंगारवाला म्हणाला. "असली जोडी शोधून सापडायची नाही."

झुंबरने ती जोडी नमुन्याशेजारी धरली. मान हलवली.

"हिला पट्टी आहे."

"आहे ना!"

"माझ्याला नाही. मला अगदी असंच पाहिजे."

भंगारवाल्याने त्याच्याकडे बघितलं. मग पुन्हा ढीग उपसला आणि एक टकली जोडी काढून दिली. चांगली जोडी तिथंच उभ्या असलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाने उचलली.

झुंबर उड्या मारत चाचांकडे आला. "बघा! जराही फरक नाही!"

चाचांनी ती जोडी बाजूला टाकली. "अरे बाबा, झिजलेलं घेऊन काय करू? घेताना बोटांनी चाचपायचं, जाड कुठलं ते बघायचं आणि जाड तेच घ्यायचं. कुणी बारीक दाखवलं तर हातसुद्धा लावायचा नाही!"

"बरं चाचा. आता असंच करतो."

आता चाचांनीच डोकं चालवलं. त्यांच्याकडे ट्रकच्या ब्रेकची जुनी पट्टी पडली होती. ती कापून, घासून जुन्या शूंवर बसवायची ठरली. "तोवर तू ब्रेकची वायर घेऊन ये," ते म्हणाले. "नळीतली वायर गंजलीय."

झुंबर गेला. दुपारी रस्त्यावर धूळ उडाली. तो मनगटाएवढी तारेची दोरी खांद्यावरून ओढत येत होता. विहिरीतला गाळ उपसायच्या यंत्राची. मागचं टोक अजून वळणापलीकडेच होतं.

"दुकानदार लबाड होता, चाचा. सुतळीसारखी वायर गळ्यात मारत होता. मी हातसुद्धा लावला नाही."

चाचांनी दोरीचं टोक खाली ठेवायला लावलं. मग शांतपणे म्हणाले, "झुंबर, वायर नळीत जायला पाहिजे ना? बारीक लागते ती. आणि कोरडी बसवायची नसते. बसवायच्या आधी रात्रभर तेलात मुरू द्यायची. म्हणजे कशी सुळकन सरकते."

"बरं चाचा. आता असंच करतो."

वायर मग चाचांनी दुसऱ्याच एका गाडीची काढून जमवली. शूंवर ट्रकची पट्टी चिकटवली, तांब्याच्या रिव्हेटा ठोकल्या आणि ते शू झुंबरच्या हातात दिले. "घरी ने, उन्हात वाळव. उद्या आण, मी बसवतो."

बसवतो म्हटल्याबरोबर झुंबरला आठवलं.

सकाळी गुणाने फोडणीसाठी तेलाची बरणी उघडली आणि किंचाळली. "अहो, हे कसलं लोणचं घातलंय?"

"ब्रेक आहे तो. मुरतोय. ढवळू नकोस."

तेल ठिबकणारे शू बघून चाचा मटकन खालीच बसले. "ब्रेकला तेल? अरे, तो घासायला पाहिजे! हा आता नुसता घसरणार!"

पेट्रोलने धुऊन बघितलं, पण तेल पार आत मुरलं होतं. शेवटी चाचांनी ती पट्टी खरवडून टाकली आणि उरलासुरला तुकडा कापून नवी बसवली. या वेळी शू घरी दिले नाहीत. उन्हातही स्वतःच वाळवले, चाकातही स्वतःच बसवले.

झुंबरने गाडी पळवली, ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. त्याने खाली वाकून बघितलं. दोन्ही चपला पायात होत्या! त्याचे डोळे भरून आले.

चाचांनी त्याचा हात धरला. "झुंबर, नीट ऐक. माझ्याकडची पट्टी संपली. पुन्हा मिळायची नाही. ह्याला तेल लागू द्यायचं नाही, पाणी नाही, धूळ नाही. जिवापाड जपायचं. समजलं?"

"समजलं चाचा. आता असंच करतो."

दसरा उजाडला. झुंबरने गाडी धुतली, हार घातला. मग चाकापाशी बसून पान्याने काहीतरी खटपट करत राहिला. इतक्यात तात्या आले. नवा फेटा, पांढरंशुभ्र धोतर.

"ब्रेक झाला का, जावईबापू?"

"एक नंबर झालाय, तात्या. काळजीच करू नका."

गाडी टेकडी चढली. देवळापाशी चढच असा होता, की गाडी आपोआप थांबली. तात्यांनी दर्शन घेतलं, झुंबरच्या हातात आपट्याची पानं ठेवली आणि गहिवरून म्हणाले, "मला वाटलं नव्हतं तुम्हाला जमेल. गाडी तुमची!"

मग दोघे उतरायला लागले.

पहिल्या वळणावर तात्यांचा फेटा उडाला. "जावईबापू, जरा हळू."

दुसऱ्या वळणावर देवीला निघालेल्या बायका ओरडत शेतात पळाल्या. "जावईबापू, ब्रेक!"

"ब्रेक अगदी सुखरूप आहे, तात्या!"

"अहो, दाबा की तो!"

"छे छे! चाचांनी जपायला सांगितलाय!"

झुंबरने जुन्या सवयीने पाय जमिनीला घासले. चपला गेल्या. गाडी काही थांबेना. समोर गावच्या म्हशी डुंबायचं डबकं आलं. फटफटी काठावरून उडाली आणि म्हशींच्या मधोमध जाऊन पडली.

सगळा गाव धावला. सर्वांत पुढे दस्तगीरचाचा, छाती धरून. आपलं काम फसलं, या धास्तीने त्यांना धाप लागली होती. आधी चिखलातून तात्यांचं डोकं वर आलं. मग झुंबरचं. त्याच्या गळ्यापर्यंत पाणी होतं, पण उजवा हात मात्र उंच, सरळ वर होता. हातात फडक्याचं एक गाठोडं.

"झुंबर!" चाचा ओरडले. "ब्रेक तुटला का?"

"तुटतोय कशाला!" झुंबरने गाठोडं आणखी वर धरलं. "सकाळीच काढून ठेवलाय. हात लावून बघा, चाचा. तेल नाही, धूळ नाही, पाण्याचा थेंबसुद्धा लागू दिला नाही!"