आंबरदऱ्याची जोडबोली

मघाशी विहिरीवर एक बाई दुसरीला ‘राजा आण’ म्हणाली आणि तुम्ही हसलात. तिला पाणी हवं होतं. राजा-राणी, राणीला जुळतं पाणी. मग पाणीही म्हणायचं नाही अन् राणीही नाही, नुसतं ‘राजा’. भाकरला मीठ-साखर, म्हणून ‘मीठ वाढ’. हिला आम्ही जोडबोली म्हणतो.

हा समोरचा दगडी बांध घालायला जहागीरदाराने शंभर घरं पाथरवट वेठीला धरून आणले, असं सांगतात. दोघांनी पळण्याची गोष्ट काढली तरी चाबूक बसायचा. तेव्हा येसू नावाच्या पाथरवटणीने जात्यावर बसून ही बोली जुळवली. शिपायाला बाबा-आई. ‘बाबा आले’ म्हटलं की सगळे सावध. शिपायांना वाटे, कुणाचा तरी बाप आला.

येसूचा नवरा धुळोजी आधीच निसटला होता. घाटापलीकडची वाट हेरून तो सगळ्यांना न्यायला येणार होता. ठरल्या दिवशी, भर दुपारी शिपाई जेवायला बसले तशी चाळीस माणसं ओढ्यातल्या करवंदीच्या जाळीत जाऊन दडली. येसूच्या कडेवर चार वर्षांची तानू होती. टेकाडावर धुळोजी दिसला. सहा महिन्यांनी बाप पाहिलेली पोर ओरडली, “बाबा आले!”

टेकाडाकडून शिपाई आले असं समजून माणसं उलट्या बाजूला पळाली. खरंच बाप आहे, असं येसू सांगत राहिली. ऐकायला कुणी थांबलं नाही. सगळे थेट पहाऱ्यापुढे गेले. त्यांना सोडवायला धुळोजी धावला आणि तिथेच मारला गेला म्हणे.

संध्याकाळी तानूने विचारलं, “आई, मी काय वाईट बोलले?”

येसू म्हणाली, “तू नाही गं. तुझा शब्द मी चोरला होता.”

बांध पुरा व्हायला आणखी तीन वर्षं लागली. येसू दगड घडवत राहिली, पण जोडबोली पुन्हा बोलली नाही. तानू मोठी झाली, तिला पोरं झाली. त्यांना तिने ‘बाबा’ हा शब्द शिकवलाच नाही.

आजही आंबरदऱ्यात मूल बापाला अण्णा म्हणतं. माझी नात शहरात वाढली. सुट्टीत बापाबरोबर येते आणि तो, माझा मुलगा, शेतावरून परतला की ‘बाबा आले’ म्हणत धावते. पोरीला काय बोलणार? पण ओट्यावरची म्हातारी माणसं हातातलं काम टाकून उभी राहतात.