कंदुरीचं मीठ

"चाचा, मग मी कमी पडलो तरी कशात?"

दर्ग्याच्या ओट्यावर बसून कासमचाचा विझत आलेल्या चुलाणाकडे बघत होते. देग ढवळायची पितळी पळी अजून त्यांच्याच मांडीवर होती.

तुळाजीचा सारा जीव त्या पळीत अडकला होता. मिसरूड फुटल्यापासून तो चाचांच्या हाताखाली राबला, दगडफूल निवडलं, खोबरं भाजताना बोटं भाजून घेतली. आज कंदुरीचं, पीराच्या गावजेवणाचं मटण त्यानं पहिल्यांदा एकट्यानं रांधलं. जमलं तर पळी तुझी, असा चाचांचा शब्द होता. आणि लोकांनी तर पत्रावळी चाटूनपुसून साफ केल्या होत्या.

पीराला निवद दाखवल्याशिवाय हे मटण चाखायचं नाही, अशी रीत. चाचा सांगत, पहिली देग एका म्हातारीनं वाटसरूंसाठी चढवली. तिचा रोजा होता, चाखणार कशी? मीठ कमी पडलं, आणि तिची मिठाची पुरचुंडी पंगतभर हातोहात फिरली, मागता-देता अनोळखी वाटसरू बोलते झाले. तेव्हापासून पंगतीत दर दोघांच्या मधे एक, असं पळसाच्या पानावर मीठ ठेवतात.

तुळाजीला ही थाप वाटायची. चाचांचं मीठ दरसाल कमीच पडे. हात चुकला की सांगायला गोष्ट बरी, असं तो मनात म्हणे.

"चाचा... मी चाखलं."

"ठाऊक आहे."

"कुणी सांगितलं?"

"मीठ बरोबर होतं."

तुळाजीची मान खाली गेली. पण गडी हट्टी. बरोबर झालं तर बिघडलं काय, एवढं त्यानं विचारलंच.

चाचा गुडघ्यावर हात टेकून उठले. उठलेल्या पंगतीत गेले आणि एक पळसाचं पान उचलून घेऊन आले. वरचं मीठ जसंच्या तसं होतं, त्याला बोटसुद्धा लागलं नव्हतं. ते त्यांनी तुळाजीच्या ओंजळीत ठेवलं.

मग खाली वाटेकडे बोट केलं. मारुती आणि सखाराम जाधव घरी निघाले होते. सख्खे भाऊ, पण बांधावरून बोलणं तुटलेलं. पोट भरून जेवलेले दोघे दोन वाटांनी चालले होते.

तुळाजी बघत राहिला...

"शेजारी मीच बसवलं होतं त्यांना," चाचा म्हणाले. "हे पान दोघांच्या मधलं."