विनापरवाना शांतता

एक होतं नगर. नगराला वेस होती, वेशीवर तरसभाऊंचा हसरा फोटो होता आणि फोटोखाली उकिरडा होता. तरस हसणारच, त्यात कौतुक कसलं! पण भाऊ हसले की नगरानं टाळ्या वाजवायच्या, अशी रीत होती.

नगरात शाळा होती. ती दुपारी सुटायची. तेव्हा गाढवीण विटा वाहत असायची, बैल गाडीला जुंपलेला. दिवेलागणीपर्यंत घराला कुलूप. मग पोरं नाक्यावर. पिल्लांचे दात नवे, रेडकांची शिंगं नवी, आणि नवी वस्तू वापरून बघितल्याशिवाय कुणाला चैन पडलंय? रोज कुणाचा तरी कान फाटायचा.

भाऊंनी कडक उपाय केला. नाक्यावर पाटी लावली: ‘चावू नये. हुकुमावरून.’ पिल्लांनी आधी पाटी चावली.

एक दिवस सोनाक्का म्हशीचा नातू भैरू फाटका कान घेऊन घरी आला. म्हातारी रडली नाही. म्हणाली, “मी काय नातू भंगारात घालायला वाढवला?” तिनं पडका गोठा झाडला, चुन्यानं रेघ मारली आणि नाक्यावर जाऊन हंबरली, “ए वाघांनो! शाळा सुटली की सरळ गोठ्यात यायचं. मस्ती आलीय ना? रेघेच्या आत कबड्डी खेळा. दम तुटला त्यानं शेण काढायचं. आणि गृहपाठाशिवाय पेंड नाही.”

“आज्जे, हरलो तर चावू का?” एका कुत्र्याच्या पिल्लानं विचारलं.

“चाव की. माझी शेपूट चाव. तिथंच लाथ बी असती.”

पोरं पेंडीसाठी आली, कबड्डीसाठी राहिली. नाका ओस पडला.

अशात भाऊंचा वाढदिवस आला. मिरवणूक निघाली ती वेशीतच अडली. झेंडे होते, धरायला कुणी नव्हतं. भाऊंचं हसू पहिल्यांदा उतरलं. “माझी तरुणाई कुठाय?”

“भाऊ, तरुणाई पाढे म्हणतीय,” शिक्षणमंत्री घोरपडताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ताई गोठ्यात आल्या, खुर्चीला चिकटूनच. “आक्का, विनापरवाना शांतता पाळल्याबद्दल ही नोटीस. शांतता हा शासनाचा विषय आहे.”

“मग घ्या की शासनानं! दुपारची पोरं सांभाळा, मी आपली रवंथ करते.”

“सांभाळणारच! इथं भव्य शांतता भवन होणार. तोवर गोठा बंद.”

गोठ्याला कुलूप लागलं. पोरं पुन्हा नाक्यावर. भाऊंनी त्यांना ‘शांतिदूत’ नेमलं आणि झेंडे दिले. पलीकडच्या आळीतले गिधाडशेठ मागं कशाला राहतील? त्यांनीही शांतिदूत नेमले. मग शांततेचा फ्लेक्स नाक्यावर कुणी लावायचा, यावरून दोन्हीकडचे शांतिदूत एकमेकांवर तुटून पडले. भैरूचं एक शिंग मुळापासून गेलं.

दवाखान्यात भाऊ घोरपडताईंना घेऊन आले, फोटोवाल्याकडे बघून हसले. “हा पठ्ठ्या आमचा!”

“तुमचा कसा? आमचा!” मागोमाग आलेले गिधाडशेठ म्हणाले.

सोनाक्का नातवाच्या डोक्यावरचा फडका दाबून बसली होती. मान न वळवता म्हणाली, “कितवीत आहे तेवढं सांगा, आणि घेऊन जा.”

दोघंही ताईंकडे बघायला लागले.

ताई म्हणाल्या, “तो विषय माझ्या खात्यात येत नाही.”